जेलन ड्युरेन: डेट्रॉईटचा पैलवान

नोव्हीकर_पाटील

मंडळी, बास्केटबॉलवर इथे शेवटचा धागा कधी निघाला होता ते मला तरी आठवत नाही, क्रिकेट आणि निवडणुका सोडून कोण काय वाचतंय म्हणा, तरी लिहितोच. गेला महिनाभर झोपेचं खोबरं झालंय आणि बायको म्हणते जे काय आहे ते नेटवर बोल, मला सांगू नको.

तर डेट्रॉईटची एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) टीम पिस्टन्स २०२५-२६ च्या सीझनमध्ये लागोपाठ १३ मॅच जिंकली. हो, पिस्टन्सच. बॉस्टनमध्ये चौदावी थोडक्यात हुकली, पण ठीक आहे. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी, २०२३-२४ मध्ये, याच टीमने एका सीझनमध्ये लागोपाठ २८ मॅच हरायचा रेकॉर्ड केला होता. ८२ पैकी फक्त १४ जिंकल्या. तेव्हा ऑफिसात पिस्टन्सचा टीशर्ट घालून गेलं की लोक घरात काही वाईट झाल्यासारखे बघायचे.

सगळे केड कनिंगहॅमबद्दल, म्हणजे बॉल घेऊन खेळ चालवणाऱ्या आपल्या गार्डबद्दल बोलतात आणि बोलायलाच पाहिजे. पण मला बोलायचंय जेलन ड्युरेनबद्दल. सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा धिप्पाड गडी, सहा फूट दहा इंच, ११३ किलोच्या आसपास, १८ नोव्हेंबर २०२५ ला २२ वर्षांचा झाला. मेक्सिको सिटीत डॅलसविरुद्ध ३३ पॉइंट मारले तेव्हा सगळ्यांना एकदम जाग आली, पण माझं म्हणणं आहे की ते ३३ पॉइंट बघायचेच नाहीत. बघायचं ते बॉल त्याच्या हातात नसताना.

मी मूळचा कोल्हापूरचा, लहानपणी आजोबांबरोबर खासबागेत कुस्त्या बघितल्यात. तिथे आजोबा म्हणायचे डाव काय बघतोस, खडाखडी बघ, कोण कुणाला मागं रेटतंय ते बघ, कुस्ती तिथंच ठरते. ड्युरेनचं तसंच आहे. शॉट उडाला की बाकी नऊ जण वर बघतात आणि हा पठ्ठ्या आधी कंबर लावतो. मागच्या वर्षी एकदा खालच्या रांगेतलं तिकीट मिळालं होतं (कंपनीतल्या एकाला ताप आला म्हणून, देव त्याचं भलं करो) तेव्हा कळलं की टीव्हीवर या गोष्टीचा आवाजच येत नाही. त्याने स्क्रीन लावली (म्हणजे आपल्या गार्डला अडवणाऱ्याच्या वाटेत उभा राहिला) आणि समोरचा गार्ड येऊन आदळला तेव्हा जो धप्प आवाज झाला ना, माझा धंदा गाड्यांच्या क्रॅश टेस्टिंगचा आहे म्हणून सांगतो, ओळखीचा आवाज होता.

पुणेरी_आकडेमोड

धागा चांगला आहे पाटील, पण जरा थंड पाणी ओततो.

हा पोरगा तीन वर्षं आधीही एवढाच दांडगा होता की. १४-६८ वाल्या सीझनमध्ये त्याची ॲव्हरेज होती १३.८ पॉइंट आणि ११.६ रिबाऊंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं). म्हणजे आकडे होते आणि टीम मात्र गाळात. पुढच्या वर्षी २०२४-२५ मध्ये आकडे उलट कमी झाले, ११.८ आणि १०.३, आणि टीम ४४ जिंकली. आता मला सांगा, त्याच्या ताकदीचा आणि जिंकण्याचा संबंध काय? संबंध कोच बदलण्याचा आहे, केडचा आहे, आजूबाजूला शूटर आणले त्याचा आहे. रिंगखाली उभं राहून आयता लॉब (रिंगजवळ उंच टाकलेला पास) वरून रिंगमध्ये डंक करायला मलाही जमेल, उंची द्या फक्त.

नोव्हीकर_पाटील

आकडेमोडराव, तुम्हाला उंची दिली तरी तुम्ही आधी एक्सेल उघडाल 😄

पण प्रश्न बरोबर आहे. ताकद तीच होती हे मान्य. ती कुठे खर्च करायची ते कळत नव्हतं. पहिली दोन वर्षं हा प्रत्येक शॉटवर उडी मारायचा, ब्लॉक मिळाला तर टाळ्या आणि नाही मिळाला तर मागे रिंग मोकळी. १३.८ आणि ११.६ त्यातलेच. आता कमी उडतो, पाय आधी पोचतात.

रेवा_विदर्भ

अरे बाप्पा, सेंटरवर धागा! माझी हयात गेली त्या जागेवर, मी लिहिणारच.

मी नागपूरला युनिव्हर्सिटीसाठी सेंटर खेळलेय, पाच फूट नऊ, मुलींमध्ये तेव्हा तेवढी उंची म्हणजे खांब. आकडेमोड दादा, "आयता लॉब" म्हणजे काय ते जरा सांगते, कारण हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलंय आणि दर वेळी डोकं फिरतं.

लॉब आयता नसतो. आधी तुम्ही पळत वर जाता, गार्डला अडवणाऱ्या पोराच्या वाटेत उभं राहता. हलायचं नाही, धक्क्याच्या वेळी हललात तर तुमचाच फाऊल. तो पोरगा जीव घेऊन आदळतो, बरगडीत, मांडीत, कुठेही. मग लगेच वळून रिंगकडे धावायचं, आणि धावताना तुमच्यावर जो सेंटर आहे त्याला पाठीवर ठेवायचं. हे सगळं करून चारातल्या तीन वेळा तुम्हाला बॉल मिळतच नाही, कारण सगळे तुमच्याकडे धावले म्हणून कोपऱ्यातला शूटर मोकळा झालेला असतो, त्याला जातो. त्याने मारला की टाळ्या त्याला. तुमच्या नावापुढे काय? शून्य.

ड्युरेनचं मला आवडतं ते हे की तो स्क्रीन लावताना शेवटच्या क्षणी बाजू बदलतो. डिफेंडर उजवीकडून जायची तयारी करतो आणि हा डावीकडे येऊन उभा. केडसारख्याला अर्धा सेकंद मिळाला तरी पुरतो. आणि दुसरं, केड आत घुसला की हा बॉल मागत नाही, स्वतःच्या सेंटरला पाठीने रेटून बाजूला करून ठेवतो म्हणजे केडला लेअपला वाट मोकळी. याला गॉर्टाट स्क्रीन म्हणतात, मार्चिन गॉर्टाट नावाच्या पोलिश सेंटरवरून. कुठल्या कॉलममध्ये मोजणार हे?

आमच्या सरांचं एक होतं, बॉक्स आउटच्या प्रॅक्टिसला बॉलच द्यायचे नाहीत. सिमेंटचं कोर्ट, मे महिना, नागपूरचा मे, आणि पंधरा मिनिटं नुसतं एकमेकींना पाठीने रेटायचं. कंबर खाली, हात वर, मागचीचा पाय कुठे आहे ते पाठीनेच ओळखायचं. बॉल नंतर शोध, आधी माणूस शोध. तेव्हा शिव्या घातल्या मनातल्या मनात, आता टीव्हीसमोर बसून ड्युरेनच्या कंबरेकडे बघत बसते आणि नवरा विचारतो नक्की काय बघतेयस तू 😂

पुणेरी_आकडेमोड

रेवाताई, माघार. आयता शब्द परत घेतो. बाकीचं मत कायम आहे.

चाळीतला_शॅक

रेवाताई _/\_ हा प्रतिसाद फ्रेम करून लावायला पाहिजे.

एडिसनकर

न्यू जर्सीतून एक निक्सवाला (न्यू यॉर्कच्या टीमचा फॅन) बोलतोय, शिव्या नंतर द्या.

एक किस्सा तुम्ही लोक विसरताय. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये (टीमा नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) ड्युरेनला १३ व्या नंबरवर घेतलं शार्लटने. तिथून तो आला आमच्याकडे, निक्सकडे. आणि आम्ही काय केलं? त्याच रात्री केम्बा वॉकरचा पगार अंगावरून उतरवायचा म्हणून त्याच्याबरोबर या पोराला डेट्रॉईटला पाठवून दिलं. भंगारवाल्याने जुना फ्रिज न्यावा म्हणून वर नवा मिक्सर द्यावा तसं. तेव्हा मी एवढा चिडलो होतो.

पण त्या वाचलेल्या पैशातून आला जेलन ब्रन्सन. आणि २०२५ च्या प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेऱ्या) पहिल्याच राउंडला निक्स विरुद्ध पिस्टन्स, सहावी मॅच, तुमच्याच घरात, शेवटचे चार-पाच सेकंद, ब्रन्सनने आउसार थॉम्पसनला असा काही झुलवला आणि थ्री (लांबून तीन पॉइंटचा शॉट) टाकला. ११६-११३. सीरिज खल्लास. म्हणजे ड्युरेन देऊन जो आणला त्यानेच ड्युरेनला घरी पाठवला. सौदा कुणाला लाभला ते तुम्हीच ठरवा.

नोव्हीकर_पाटील

मी होतो त्या मॅचला. वर, अगदी छताजवळ. ब्रन्सनने शॉट टाकला तेव्हा बॉल हवेत असतानाच शेजारचा म्हातारा म्हणाला "नो" आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. बस. तुमचा किस्सा खरा आहे आणि तुम्हाला शिव्या द्यायचा हक्क मी राखून ठेवतो. चौथ्या मॅचमध्ये ९४-९३ असताना आमच्या टिम हार्डवे ज्युनियरला फाऊल केला होता आणि तो दिला नाही हे नंतर रेफरीनेच कबूल केलं, तो विषय मी मुद्दाम काढत नाहीये.

एडिसनकर

नाही नाही, कुठे काढलात 😄

मी ती सीरिज बघताना मला जे दिसलं ते मात्र तुमच्या पैलवानाच्या फार बाजूचं नव्हतं. आमच्या टाउन्ससारखा बाहेरून थ्री मारणारा सेंटर समोर आला तर ड्युरेनला त्याच्यावर ठेवायचीच सोय नव्हती. तुम्ही टोबायस हॅरिसला टाउन्सवर लावला आणि ड्युरेनला आमच्या जॉश हार्टवर लपवला. लपवला म्हणजे काय, तो रिंगजवळ थांबावा म्हणून. पण हार्ट मोकळा राहायचाच. आजच्या काळात सेंटरला २५ फुटांवर ओढून नेतात हो, तिथे ११३ किलोचा उपयोग काय?

ऑबर्नहिल्सचे_आबा

लेकरांनो, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मराठी टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

मी मिशिगनला आलो १९८७ साली. बॅड बॉईज (तेव्हाच्या दांडगट पिस्टन्सचं टोपणनाव) या डोळ्यांनी बघितलेत. बिल लॅम्बीर हा आपला सेंटर, त्याला कागदाच्या कपट्याएवढीही उडी मारता येत नव्हती, पण दोन अजिंक्यपदं, १९८९ आणि १९९०. लोक त्याला खुनशी म्हणायचे, आणि होताच थोडा. मग २००४ ला बेन वॉलेस. ड्राफ्टमध्ये त्याला कुणी घेतलासुद्धा नव्हता, उंची सेंटरच्या मानाने कमी, सहा फूट नऊ, आणि चार वेळा वर्षातला सर्वोत्तम डिफेंडर. लेकर्सना ४-१ ने घरी पाठवलं त्या वर्षी. पॅलेस या पिस्टन्सच्या जुन्या स्टेडियममध्ये त्याच्या नावाची घंटा वाजवायचे तेव्हा छातीत घुमायचं. आता पॅलेसच पाडला, असो.

सांगायचा मुद्दा, या गावाला सेंटर म्हटलं की शोभेचा नको असतो, कष्टाचा लागतो. इथे सकाळी सहाच्या शिफ्टला जाणारी माणसं मॅच बघतात. ड्युरेनला इथे एवढं डोक्यावर घेतलंय त्याचं कारण हे आहे. आणि १३ ची गंमत सांगतो. याआधी फ्रँचायझीने लागोपाठ १३ दोनदाच जिंकल्यात, १९८९-९० ला आणि २००३-०४ ला. दोन्ही वर्षी काय झालं ते वर लिहिलंच आहे. मी काही बोलत नाही, नजर लागते.

अजून एक योगायोग. पॅलेसमधली ती प्रेक्षकांत घुसून झालेली कुप्रसिद्ध मारामारी १९ नोव्हेंबर २००४ ची. आदल्याच दिवशी हे पोर एक वर्षाचं झालं होतं.

नोव्हीकर_पाटील

आबा नमस्कार! तब्येत कशी आहे? घंटेची आठवण काढलीत आणि काटाच आला.

ठाण्याचा_रॉकेट

ह्यूस्टन रॉकेट्सचा फॅन इथे. धागाकर्त्याची माफी मागून, तरुण सेंटरचं नाव घ्यायचं तर अल्पेरेन शेंगून. २०२४-२५ मध्ये १९.१ पॉइंट, १०.३ रिबाऊंड, ४.९ असिस्ट आणि ऑलस्टार. त्याला ५ वर्षांचे १८५ मिलियन डॉलर दिले तेव्हा लोक जास्त म्हणाले, आता स्वस्त वाटतात. युरोबास्केटमध्ये तुर्कस्तानला फायनलला नेला. शेंगून पास करतो, फेक करतो, मागे पाठ करून नाचवतो. ड्युरेन म्हणजे नुसता बुलडोझर.

रेवा_विदर्भ

रॉकेट, मला शेंगून फार आवडतो, पण तुमच्याच टीमने त्याच्या शेजारी स्टीव्हन ॲडम्स का उभा केला सांगा? शेंगूनच्या नाजूक पासेसना कुणीतरी जागा करून द्यावी लागते म्हणूनच ना? बुलडोझर तुम्हीही भाड्याने आणलाय, फक्त वयाने मोठा.

आणि नुसता बुलडोझर हे आता जुनं झालं. या सीझनच्या मॅचेस बघा, फ्री थ्रो लाईनच्या आसपास बॉल घेतो, तोंड रिंगकडे करतो, एक-दोन ड्रिबल टाकून स्वतः आत घुसतो. आधी हे नव्हतं. आधी केडने ताटात वाढलं तरच जेवायचा. आता स्वतः वाढून घेतो. समोरचा जड सेंटर असला तर त्याला पायांनी मागे टाकतो, हलका असला तर खांदा लावतो. खांदा लावायची धमक आधीपासून होती म्हणून ते दोन ड्रिबल कामाचे, नाहीतर ड्रिबल काय सगळेच टाकतात.

एडिसनकरांच्या मुद्द्याला मात्र माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. बाहेर ओढला की तो अजून गोंधळतो हे खरं आहे. स्क्रीनवर डिफेंड करताना कधी मागे थांबायचं कधी पुढे यायचं यात त्याचा अर्धा पाय इकडे अर्धा तिकडे असतो कधीकधी. बाहेरून शूट करत नाही हेही आहेच.

नवशिका_ननू

माफ करा, बाळबोध प्रश्न. मी फक्त क्रिकेट आणि प्रो कबड्डी बघतो. सेंटर म्हणजे विकेटकीपर समजू का? आणि एवढं रेटारेटी केली तर फाऊल देत नाहीत का?

चाळीतला_शॅक

कबड्डी बघतोस ना, मग कोपऱ्यातला बचावपटू समज. घोट्याची पकड दिसते सगळ्यांना पण त्याआधी दोन पावलं सरकून जागा धरली हे कुणी बघत नाही. आणि फाऊल देतात की, सहा झाले की बाहेर. धक्का मारला तर फाऊल, पण जागेवर आधी पोचून उभा राहिलास आणि समोरचा येऊन आदळला तर त्याचा दोष. सगळी भांडणं या "आधी कोण पोचलं" वर. आमच्या चाळीत नळावर पण हाच नियम होता.

पुणेरी_आकडेमोड

पैशांवर कुणी बोललं नाही अजून. ड्युरेनचा २०२५-२६ चा पगार साडेसहा मिलियनच्या आसपास, रुकी करारातलं (नवख्याचा पहिला करार) शेवटचं वर्ष. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवीन करार करायची मुदत होती, झाला नाही. म्हणजे २०२६ च्या उन्हाळ्यात रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट. दुसऱ्या टीमने ऑफर दिली की पिस्टन्सना तेवढीच रक्कम देऊन त्याला ठेवता येतं. त्याच ड्राफ्टमधले वॉकर केसलर आणि मार्क विल्यम्स, दोघेही सेंटर, दोघांचीही तीच गत. म्हणजे टीमा सेंटरवर आधीच पैसे लावायला घाबरत होत्या, आणि ऑक्टोबरमध्ये त्यांचं गणित चुकलं असं मी नाही म्हणणार. चौथ्या वर्षी, कराराच्या वर्षी, पोरं जीव तोडून खेळतात हा जुना अनुभव आहे. २०२४-२५ च्या सीझनला ६९ टक्के शॉट आत जात होते कारण सगळे रिंगखालचे. आता लांबून घ्यायला लागला की ते खाली येणार. एक महिन्याच्या जोरावर त्याला शेंगूनच्या वर पैसे द्यायचे का?

नोव्हीकर_पाटील

द्यायचे. डोळे मिटून.

कसं आहे, ऑक्टोबरमध्ये घासाघीस करून त्यांनी थोडे वाचवले असते, आता दुप्पट मोजतील, आणि मोजावेच लागतील. समजा ड्युरेन गेला. मग केडला वाट कोण करून देणार? आयझेया स्टुअर्ट आहे, माझा लाडका आहे, अंगात रग ड्युरेनपेक्षा जास्त आहे, पण सहा फूट आठ, आणि प्लेऑफच्या पहिल्याच मॅचनंतर गुडघ्यामुळे तो बाहेर बसला तेव्हा आमचं काय झालं ते एडिसनकर सांगतील. दोघं असले की आलटून पालटून ४८ मिनिटं समोरच्या टीमच्या बरगड्यांना आराम नाही. चौथ्या क्वार्टरमध्ये समोरचे गार्ड स्क्रीनच्या आधीच अंग चोरायला लागतात, मी बघितलंय, लांबूनच वळसा घालून जातात. पहिल्या क्वार्टरमध्ये खाल्लेला मार चौथ्यात वसूल होतो. क्रॅश टेस्टमध्ये आम्ही डमी बदलतो, त्यांना बदलता येत नाही.

ऑबर्नहिल्सचे_आबा

पाटील, तब्येत बरी आहे. थंडी वाढली. पैसे द्या त्या पोराला.

चाळीतला_शॅक

आबांनी निकाल दिला, कोर्ट उठलं.

थोडं अवांतर, हे सगळं वाचताना सतनाम सिंग आठवला. २०१५ ला डॅलसने ५२ व्या नंबरवर घेतला, ड्राफ्ट झालेला पहिला भारतीय, सात फूट दोन इंच, सेंटरच. मी तेव्हा रात्र जागवून बघितलं होतं. एनबीएची एकही मॅच खेळायला मिळाली नाही बिचाऱ्याला. उंची होती, अंग होतं, पण लहानपणापासून रोज आपल्याएवढ्याच दांडग्यांशी रेटारेटी करायची सवय कुठून आणणार. ड्युरेनला शाळेपासून तेच मिळालं, फिलाडेल्फियाची शाळा, मग माँटव्हर्डीची शाळा, मग मेम्फिस युनिव्हर्सिटी, आणि १८ व्या वर्षी एनबीएत. पहिल्याच मॅचला डबल डबल (पॉइंट आणि रिबाऊंड दोन्ही दहा किंवा जास्त), पदार्पणात ते करणारा सगळ्यात लहान खेळाडू. २०१९ ला वरळीला पेसर्स आणि किंग्ज या एनबीए टीमा येऊन खेळून गेले तेव्हा वाटलं होतं आता आपल्याकडे काहीतरी होईल.

रेवा_विदर्भ

होईल म्हणे. आमच्या कोर्टवर आता लग्नाचे मांडव पडतात.

नवशिका, तू एक काम कर. पुढची मॅच बघशील तेव्हा दहा मिनिटं बॉलकडे बघूच नको. फक्त ड्युरेन. भारतात पहाटे साडेपाचच्या सुमारास लागते बहुतेक वेळा.

नवशिका_ननू

ताई, पहाटे उठणं जमलं नाही, पण मेक्सिकोवाल्या मॅचचा रिप्ले लावला होता दुपारी. आई मटार सोलत बसली होती समोर. मी स्क्रीन मोजत होतो, दुसऱ्या क्वार्टरपर्यंत २० च्या पुढे गेलो आणि मग चुकलं. आई तेवढ्यात म्हणाली "हा धिप्पाड मुलगा बॉल न घेता नुसता सगळ्यांच्या वाटेत का उभा राहतोय, कुणी बाजूला का करत नाही त्याला?"

मी म्हटलं होत नाहीये आई, तोच प्रॉब्लेम आहे त्यांचा.

नोव्हीकर_पाटील

आईंना नमस्कार सांग. आणि त्यांचं इथे खातं काढ.